तीन धर्मबाप

रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी साबेल आजी दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारच्या जोडप्याचा आवाज हळू होता, पण आजींचे कान अजून शाबूत होते.

"डोमिंग, मूल हवं तर आधीपासून तयारी करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी गोळ्या घेतेय, कॉफी सोडली. तू काय केलंस?"

"धर्मबाप ठरवले ना! गावचा प्रमुख कप्तान, तांदळाचा व्यापारी आणि दुबईत कमावणारा रोमेल. बाप्तिस्म्याचा खर्च सुटला."

"वा! पोटात बाळ नाही आणि बाहेर तीन बाप तयार. आता खऱ्या बापाची तपासणी होऊ दे. ही नमुन्याची डबी घे."

"त्यापेक्षा तू ओबांदोच्या जत्रेत नाच की, लिगाया. आई म्हणते, तिथे नाचलं की माउली मूल देते."

"गेल्या मे महिन्यात नाचले. पाय सुजले. तू सावलीत बिअर पीत होतास, माउलीने पाहिलं असेल."

"आणि माझ्यातच खोट निघाली तर?"

"तर पुढच्या मे महिन्यात दोघं नाचू."

"कप्तानाला कळलं तर?"

"धर्मबाप हवे तितके मिळतील रे. बापाची जागा एकच आहे, ती तुझ्यासाठीच धरून बसलेय. जा आता."

तो डबी खिशात लपवून आत गेला. मागून एकजण बसायला आला, तेव्हा आजींनी रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली.

"इथे माणूस आहे, बाबा. येईल आता."