बिल्ला नंबर सात

—पर्समध्ये नको, या डब्यात ठेव. बंद करून. हा घे बिल्ला, नंबर सात, जाताना दिलास की फोन मिळेल. हसू नकोस, या घरात असंच असतं — मुलगा ठेवतो, सून ठेवते, परवा सिलिंडरवाला आला त्यानंही ठेवला, कुरकुरत का होईना. एकतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेटवर होतो मी. काडेपेटी, विडी, लायटर, सगळं काढून ठेवायचं, बिल्ला घ्यायचा, मग आत. साहेबसुद्धा. एक काडी आत गेली तर काय होतं, ते तुमच्या कॉलेजात शिकवत नसतील. बस त्या खुर्चीवर. निकिता ना तू, कांताबाईंची? तरीच. आई स्वतः नाही आली, मुलीला पाठवलं — का गं? खरं असतं तर माणूस स्वतः येतं, असा माझा अनुभव आहे. रडतेय? रडणारे गेटवरही पुष्कळ पाहिले.

हे बघ, मी तिला चोर म्हटलेलं नाही. उद्यापासून कामाला येऊ नका, एवढंच म्हटलं. सोसायटीत सगळ्यांना कळलं, आता तिला दुसरं काम कोणी देत नाही, हे मी केलं का? माझी नात श्रद्धा, सहा वर्षांची, पहिलीत — वर्गात बाकावर डोकं टेकून झोपते. शाळेच्या बाईंनी आईबापांना बोलावून घेतलं, कधी नव्हे ते. डॉक्टर म्हणाले, झोपायच्या आधी तासभर तरी मोबाइल, टीव्ही काही नको, त्या उजेडानं पोरांना वाटतं अजून दिवसच आहे, झोप लांबते. झालं, दुसऱ्या दिवशी हा डबा आणला, कुलूप आणलं, किल्ली माझ्या खिशात. संध्याकाळी सातला फोन आत, टीव्ही बंद. तरी पोर साडेअकरापर्यंत टक्क जागी! म्हणजे काडी आत जातेच आहे. कोण नेतंय? आधी अभयवर नजर ठेवली — माझा मुलगा असला म्हणून काय झालं — तो बाथरूममध्ये अर्धा अर्धा तास बसतो, बाहेर उभा राहून ऐकलं. काही नाही. मग सुनेच्या उशीच्या अभ्र्यात हात घालून पाहिला. अस्मिता दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. नसेना का. मग उरलं कोण? सात ते आठ पोरीला जेवायला घालायला कोण? तुझी आई. आणि पोर जेवायची कशी — माझ्या हातून अर्धी पोळी उतरत नाही, तुझ्या आईच्या हातून दोन! मोबाइल दाखवल्याशिवाय आजकाल पोरं जेवतात होय? ठेवायची, डब्यात ठेवायची फोन, नाही कोण म्हणतं? पण दुसरा नसेल कशावरून?

काय? गोष्ट सांगायची? लोणी काळभोरच्या आत्याची म्हैस... हं. ती कॅनॉलमध्ये बसून उठायचीच नाही, ती? आहे खरी पोरीच्या तोंडी ती म्हैस. मला वाटलं कार्टूनमधली असेल.

बरं, पुरावा हवा ना तुला? ही वही. रोज पोर किती वाजता झोपली, सगळं लिहिलेलं आहे. बघ, खुशाल बघ. रविवार? हो, रविवारी नसायची तुझी आई. पावणेबारा... रविवारी पोर दुपारची झोपते, म्हणून. म्हणजे, कधीतरी. पुढचं पान कशाला? ते तिला काढल्यानंतरचं. साडेअकरा, पावणेबारा, साडेअकरा. आठही दिवस. हे बघ, मी लिहितो, वाचत बसत नाही. गेटवरही मी लिहायचो, वाचायचे साहेब. आता हे कुठलं — सव्वानऊ, नऊ? हे अक्षर अस्मिताचं. मी हिंगोलीला गेलो होतो ते दोन दिवस, पुतण्याच्या साखरपुड्याला. हो, तुझी आई होती तेव्हा कामाला. दे ती वही इकडे.

माझ्याकडे काय बघतेस? माझा फोन सगळ्यांत आधी डब्यात जातो. उशाखालचा तो जुना — तो त्यात धरायचा नाही, त्यात सिमकार्डसुद्धा नाही. त्याला काय फोन म्हणायचं? त्यात विमल आहे. श्रद्धाची आजी. चार वर्षं झाली तिला जाऊन, पोरीला काही म्हणजे काही आठवत नाही. त्यात ती आहे — सुपात शेंगदाणे पाखडते, पोरीला मांडीवर घेते, आणि मला म्हणते, अहो, पुरे, बंद करा ते. रात्री पांघरुणात बघतो आम्ही दोघं. दहा मिनिटं. पोर म्हणते, आजोबा, परत. मग परत. कधी ती म्हणत नाही, मीच म्हणतो, परत बघू या. ते काय कार्टून आहे? मी नाही दाखवली तर पोरीला आजी कळायची कशी? आणि मी... एकटा नाही बघवत मला ते.

एकतीस वर्षांत माझी झडती कोणी घेतली नाही. गेटवरच्या माणसाची कोण घेणार?

थांब, उठू नकोस. हा बघ तो फोन. तुझा घे बाहेर, आणि हा गेला डब्यात. हे कुलूप. बिल्ला नको देऊस, आता तो या जुन्या फोनचा, सातच नंबर राहू दे — आईला दे तो. उद्यापासून ये म्हणावं. नको, ते मीच येऊन सांगतो, सोसायटीतल्या चार जणांसमोर सांगतो. तू फक्त बिल्ला दे. दुपारी चार वाजता, पोर शाळेतून आली की मी मागेन, तेव्हा द्या म्हणावं. रात्री मागितला तर नाही द्यायचा. मी कितीही काही म्हटलं तरी. बिल्ल्याशिवाय मी कोणाला काही देत नाही, मलासुद्धा नाही.

जा आता. दार ओढून घे.