कासवाने खाल्लेली बिस्किटं

प्राण्यांच्या दवाखान्यात मांजर घेऊन बसलेल्या शिक्षिकेशेजारी एक सून आणि तिचे सासरे येऊन टेकले. सुनेच्या मांडीवरच्या खोक्यात मुठीएवढं कासव होतं.

"बाबा, डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं. याला बादलीत कोणी सोडलं?"

"कासव म्हटलं की पाणी आलंच."

"हे जमिनीवरचं पिल्लू आहे. याला कोरडी माती, उबेला दिवा आणि पाण्याची उथळ बशी पुरते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"बरं, चुकलं."

"आणि खायला नुसता पाला. मग क्रीमची बिस्किटं याला कोणी घातली? कासवाने खाल्ली, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरं."

"अख्खा पुडा गेलाय पोटात. पोट धुवावंच लागेल."

"एवढ्याशा जिवाचं पोट?"

"मग काय, विषाची परीक्षा बघायची?"

सासऱ्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं. मांजराच्या कानामागे खाजवणारा शिक्षिकेचा हात थांबला.

"सूनबाई, त्याचं पोट धुवायला लावू नको. त्याने बिस्किटाचा वाससुद्धा घेतलेला नाही."

"मग पुडा गेला कुठे?"

"माझी साखर हेच डॉक्टर तपासतील का गं?"