मापांच्या फोनमधला दादाचा कॉल

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. लेखन हा माझा प्रांत नव्हे, तरीही निवृत्तीनंतर दुसऱ्याचे आयुष्य कागदावर उतरवण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. बीबी गावच्या शांताबाई माझे ब्लाऊज शिवतात. त्या बोलल्या, मी लिहून घेतले, इतकाच माझा वाटा. काही ठिकाणी काटछाट करावीशी वाटली. त्यांनी ती करू दिली नाही.

माहेर माहं साखरखेर्डा, सासर बीबी. बापानं सातवीपर्यंत शिकवलं अन् लगनात मशीन देल्ली, तिच्यावरच आजपावतर घर चाललं. आता बाया फोनवरच माप सांगतात, माहे हात कापडात गुतलेले, लिहू कवा? म्हनून पोरीनं फोनमंदी असं करून देल्लं का हरेक कॉल आपोआप रेकॉर्ड होऊन राहते. कापड कापतानी लावते अन् ऐकते. म्हनून काय सांगू तुम्हाले, भावाले पकडासाठी मी काही टपून नोती बसली. त्याचा कॉल त्याच मापायच्या गर्दीत पडला.

बाप गेल्यावर दादा म्हने, चाल, वावराच्या सातबाऱ्यावर तुहं नाव चढवाचं हाये, साहेबानं काही इचारलं तं हो म्हनजो. मी हो हो म्हनलं, सही केली, त्यानं जिलेबी खाऊ घातली. घरी पोरीनं कागद वाचला तं हक्कसोड. म्हनजे बहिनीनं आपला हिस्सा भावाले सोडून देल्ला. आमच्याकडं बहिनी सोडतातच, नाही सोडला तं माहेरचा दरवाजा बंद. पन सांगून सोडनं येगळं, अन् हे येगळं.

मंग त्याचा फोन आला, कागद कोनाले दाखवला म्हनून. मी पह्यलंच बोलली, दादा, मले वावर नको, माहेर पाह्यजे, मांगतलं असतं तं हासत देल्लं असतं. तो म्हने, येडी झाली का व, खरं सांगतलं असतं तं तू सही केली असती का? बस, तो कागद रद्द कराले मी कोर्टात दावा लावला, अन् हेच त्याचं बोलनं मले तिथी द्याचं होतं. पन मी पडली शिवनकाम करनारी, जास्तीचं कापून टाकाची सवय. माहं वावर नको वालं बोलनं कापलं अन् उरलेलं माह्या वकीलबाईले पाठवलं.

कोर्टात ते वाजलं तं त्याच्या वकिलानं लगेच धरलं. म्हने, हे मधातूनच सुरू होते, आधीचं कुठी हाये? वकीलबाई मले बाहेर घेऊन गेल्या. ताई, मूळ फोन हाये का? हाये. पुरा कॉल हाये? हाये, पन त्यात मीच वावर नको म्हनली.  त्या म्हनल्या, फोन दिला तर तुमचं तेही ऐकतील, नाही दिला तर त्याचं हेही जाईल.

पुढच्या तारखेले फोन घेऊन गेली. रेकॉर्डिंग असली हाये अशा प्रमानपत्रावर सही केली, या बारीनं एक एक ओळ वाचून. लावला तं पह्यले भलताच कॉल लागला, एक बाई वरडून राह्यली, बाही आखूड ठेवजो व, मांगच्या बारीनं कोपराखाली लोंबली! सारे हासले, दादाही हासला. मंग त्याचा लागला. माहं बोलनं वाजलं, दादानं मान वर केली. त्याचं वाजलं, त्यानं मान खाली घातली. त्याचा वकील म्हने, बाई, तुम्हीच म्हनल्या ना वावर नको? म्हनलं, हो, म्हनली. मांगनाऱ्या भावाले म्हनली, फसवनाऱ्याले नाही. आता पाह्यजे. वावराच्या धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत, बांध धरून मोजून पाह्यजे.

आता दादा म्हन्ते, तो आवाज माहा नाहीच. म्हनून त्याच्या आवाजाचा नमुना घेनार हायेत. निकाल लागाचा हाये. बाया म्हन्तात, काऊन व शांते, माहेर तोडलं? तुटू द्या. फोन कोर्टात जमा हाये, मापं मी खडूनं भितीवर लिहून राह्यली. तुम्ही सारं लिहा मॅडम, माहं चुकलेलं बी. अन् वाचनाऱ्यायले एवढंच इचारा, बहिनीची सही घेतानी तुम्ही तिले कागद वाचून दाखवला होता का?