पहिलीच्या वर्गासमोरची खोली

—चपला राहू द्या मावशी पायात, हितं सगळी कांद्याची पापुद्रं पडलीत, झाडायचं माझं राहून गेलं. तर ही खोली. बघा. बघण्यासारखं काय हाये त्यात — चार भिंती, वर पत्रा, उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात वाजतो. आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई हो, ठकूबाई, त्यांनी आख्ख्या घोडेगावात सांगून ठेवलंय — खोली द्यायचीया, खोली द्यायचीया. आज त्या अवसरीला गेल्यात, भाचीच्या साखरपुड्याला. जाताना मला म्हणल्या, अश्विनी, कुणी आलं तर नीट दाखव, तोंड वाकडं करू नको. आता मी कुठं तोंड वाकडं करतीय? खरं हाये ते सांगते. एवढ्या लांबून आलाय तुमी, पार आहुप्याकडून, पहिल्या गाडीनं — तुमाला फसवून मला काय मिळणार?

तर खरं असं, की ही भिंत आमची आन् ती शाळंची. मधी बोळ, म्हैस आडवी झाली तर भरतो एवढा. शाळंशेजारी घर म्हणलं का लोकांना वाटतं, काय नशीब! आन् हायेच की नशीब, मी कुठं न्हाई म्हणते? घड्याळ लागत न्हाई. पहिल्या घंटेला कुकर, मधल्या सुट्टीला चहा. पोरगी डबा इसरली तर भिंतीवरून हातात. इलेक्शन आलं का तव्यावर भाकरी टाकून जायचं, मत द्यायचं, उलटायला परत. बरं, पण भाकरीवरून आठवलं — राष्ट्रगीत. हसताय काय? रोज सकाळी भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं. आन् आमचे मामंजी, सावळेराम, ग्रामपंचायतीत शिपाई व्हते, त्यांनी घरात कायदा करून ठेवलाय — जो जिथं असंल तिथं ताठ. बावन्न सेकंद, मावशी! दूध वर आलेलं दिसतं, हात अंगाला चिकटलेले, आन् दूध आपलं निवांत चुलीवर उतरतं. आठ वर्षं झाली लग्नाला, सकाळची पहिली भाकरी आमची करपून कुत्र्याला ठरलेली. आमचे हे, सुदर्शन, पिकअप चालवतात, नारायणगावला टोमॅटो नेतात — एकदा अंघोळीला बसलेले, डोळ्यात साबण, आन् भोंगा सुरू. बाहेरून मामंजी इचारतात, ‘उभा हायेस ना रं?’ आतून हे, ‘उभा हाय आबा, पण तांब्या सापडंना!’

तुमी हसा. राहायला आल्यावर हसू येत न्हाई. पेरूचं झाड बघितलं दारातलं? पेरू पिवळा होतो असं आमी नुसतं ऐकलंय. बॉल तर दिवसाला चार येतात. पत्र्यावर धाड्कन — आन् भिंतीवर लगेच तीन टाळकी, ‘काकू, बॉल!’ बरं, तो बॉल कधी आमटीत, कधी म्हशीच्या आंबोणात. म्हैस चाटून बसली तरी तसाच धुतल्यावाणी चड्डीला पुसतात, पुन्हा चालू. गॅदरिंग आलं का महिनाभर एकच गाणं. महिनाभर! शेवटी पोरांच्या आधी आमच्या म्हशीचा पाय ठेक्यावर पडाया लागतो. आन् पीटीच्या तासाला धुरळा असा उठतो, की दोरीवरची साडी पांढरी टाकली तर बदामी काढायची. तुमचं डोंगरातलं माणूस शांततेचं. तुमाला न्हाई मानवायचं. डोकं धरून बसाल. मी म्हणते, पलीकडं वेशीजवळ बघा, गेणभाऊंच्या चाळीत दोन खोल्या हायेत रिकाम्या — नळ आत, फरशी हाये—

क्काय? कुठं? खिडकीत? ते व्हय. ते काय न्हाई. गोणपाट हाये आपलं. बसायला. सूप माझंच. गहू निवडते मी हितं, उजेड चांगला येतो म्हणून. — तांब्या बी माझाच. — दिवसभर न्हाई हो, तुमचं आपलं काहीतरी. सकाळी जरा. मग मधल्या सुट्टीनंतर जरा. आता एका गव्हाला किती येळ लागतो ते गव्हावर हाये.

बघताय तर बघा की मग, खिडकी काय माझ्या बापाची हाये? तो समोर निळा दरवाजा, तो पहिलीचा वर्ग. खिडकीतून तिसरी रांग, लाल रिबिनी. दिसल्या? डावी सुटत आलीया, ती माझी श्रेया. म्हंजी ती तिची पाठ. तोंड न्हाई दिसत आता. आधी दिसायचं. आधी सगळी पोरं हिकडं तोंड करून बसायची. मग मी... आता तुमाला सांगायला काय लाज. पहिले आठ दिवस लई रडली मावशी ती. वर्गात बसायचीच न्हाई. मी म्हणलं, बाळा, आई खिडकीत हाये, कधी बी बघ, आई हायेच. तशी गप बसली. सोपं झालं. पण मग एक दिवस बाईंनी तिला उभं केलं — पाच आन् तीन किती? आन् ती नुसती फळ्याकडं बघतीया. मला काय राहवतंय? हात गजातून बाहेर काढले आन् दाखवली आठ बोटं. तिनं बघितली का न्हाई देव जाणं, पण बाकीच्या पस्तीस पोरांनी बघितली ना! सगळा वर्ग ओरडला, ‘आऽऽठ!’ त्या दिवसापासनं बाईंनी काय बी इचारलं का आधी सगळ्या माना आमच्या खिडकीकडं. शेवटी बाई भिंतीशी आल्या, चांगल्या हायेत सोभावानं, हसत म्हणल्या, ‘ताई, वर्ग माझा का तुमचा?’ आन् दुसऱ्या दिवशी सगळी पोरं उलटी बसवली.

मला वाटलं, आता रडंल. आता मागं वळून बघंल. मी सूप घेऊन बसले, म्हणलं वळंल. न्हाई वळली. पहिल्या दिवशी न्हाई, दुसऱ्या दिवशी न्हाई. त्याला झाले आता तीन महिने. परवा जेवताना मला म्हणती, ‘मम्मी, तू अजून बसतीस का गं तिथं? नको बसत जाऊ. पोरं हसतात.’ बघा! सहा वर्षांचं माणूस! मी म्हणलं, मी कुठं बसते, मी गहू निवडते. म्हणती, ‘रोज?’

पण पाठीवरनं बी कळतं मावशी. भ्याली का खांदं वर जातात तिचं. एखाद्या दिवशी चक्कर आली, पडली, कुणी ढकललं — मी हितं असले तर चार ढांगांत पोचते. म्हणून आपलं... म्हणून खोली बरी न्हाई म्हणते मी. तुमच्यासाठी.

तर राहणार कितीजणं तुमी? दोघीच? मालक तिकडंच, भाताकडं. आन् तुमी हितं कांदाकाटणीला जाणार. मग एवढी उठून यायची काय गरज — लेकीसाठी? कितवीत हाये? सातवी. सातवी सरत आली. आन् गावात शाळा सातवीपर्यंतच... व्हय. व्हय, असतंय तसं. आठवीला हितं घालायची म्हणताय.

आश्रमशाळंत का न्हाई? राहात न्हाई तुमच्याशिवाय. हां. मग तुमीच उठून आलात तिच्यासंगं.

मी बी सातवीच. न्हाई, नापास न्हाई! गणितात तर गुरुजी माझी वही फिरवायचे वर्गात. पण आमची वाडी नारायणगावपासनं आत, हायस्कूल नारायणगावला, जायचं म्हणजे जीपनं, माणसं मागं लटकलेली. वडील म्हणले, पोरगी रोज जीपनं धाडायची म्हंजी जिवाला घोर. झालं. मी रडले बी न्हाई फार. आईनं इळा दिला हातात, गेले गवताला. खोली बघायची असती, हे माझ्या आईला ठावंच नव्हतं मावशी. तिला कुणी सांगितलंच न्हाई, की आठवीसाठी आईनं गाडीत बसायचं आन् कुणाच्या तरी दारात जाऊन इचारायचं, खोली हाये का म्हणून.

नाव काय म्हणलात लेकीचं? प्रतिभा. हुशार हाये? तुमी न्हाई सांगणार, आईनं सांगू नये. पण हाये. कळलं मला.

आता असं बघा — त्या गेणभाऊंच्या चाळीत जाऊ नका. नळ आत हाये पण पाणी कुठंय त्याला? आन् रात्री पत्त्यांचा अड्डा बसतो शेजारी, पोरगी घेऊन राहायची जागा न्हाई ती. हितं बघा, पत्रा तापतो, पण वर उसाचं पाचट टाकलं का तापत न्हाई. बॉल काय, रविवारी येत न्हाईत. भाड्याचं आत्याबाईंशी बोला, त्या तोंडानं कडक हायेत, घासाघीस करा, ऐकतात. जूनमधी शाळा भरायच्या आधी चार दिवस या. तवर मी चुना मारून ठेवते. तवर खिडकी माझी, एवढं मातर हाये.

डोळं पुसताय काय? मी काय माझ्या पदरचं देतीया? खोली रिकामीच हाये की ही वर्षभर. आत्याबाईंना तर आनंदच होईल. म्हणतील, बघ, मिळालं का न्हाई गिऱ्हाईक! आधीचे तिघं कसे काय आले, बघितली, आन् चहा सुद्धा न घेता पळाले — ते त्यांना अजून उमगलं न्हाई. त्यातल्या एकाला तर मी साप सांगितला व्हता. — साप न्हाई हो मावशी! साप कुठला! बसा, बसा, पाय खाली घ्या. तुमी आपलं त्यांच्यापुढं हे काढू नका म्हंजी झालं.

जावा आता. गाडी लागली असंल स्टँडवर, गेली तर मग संध्याकाळपर्यंत बसाल. पिशवी घ्या. ते दार ओढून घ्या जाताना, आन् हाक मारू नका मला. हा शेवटचा तास असतो पहिलीचा.

जावा म्हणते ना.