दानियल येईपर्यंत थांबा

पाळकसाहेब, रूथ, मंडळीतल्या बंधू-भगिनींनो आणि सोसायटीतल्या माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनो,

तुम्ही एस्तेरताईसाठी आलात. खुर्च्या कमी पडल्या, काही जण बाहेर जिन्यात उभे आहेत. तिथपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

मी सुधाकर. ताईच्या वरच्या मजल्यावर राहतो. मला बोलायची सवय नाही. इथे मुलुंडलाच एका गाळ्यात मी पस्तीस वर्षं माल तपासायचं काम केलं. बोल्ट हातात घ्यायचा, माप लावायचं, पास नाहीतर रिजेक्ट. त्यात भाषण लागत नाही. आज इथे उभं राहायला मला जड जातंय, ते ताई गेली म्हणून तर आहेच, पण दुसरंही एक कारण आहे.

परवा गुरुवारी दफनभूमीत आपण पाऊण तास उन्हात उभे होतो. पेटी खड्ड्याशी ठेवलेली. पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे. आणि काहीच होत नव्हतं. माती लोटणारी माणसंसुद्धा कुरकुरायला लागली. तुमच्यातल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, "काय रे सुधाकर, कशासाठी थांबलोय आपण?" मी म्हटलं, "काय माहीत." ते खोटं होतं. मला चांगलं माहीत होतं. तेच सांगायला मी उभा आहे. पण त्याआधी ताईबद्दल थोडं बोलावं लागेल, नाहीतर तुम्हाला ते कळायचं नाही.

ताईच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पावणेसहाला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचो आम्ही. नळाला पाणी यायच्या आधी. ताई, तिची मुलगी रूथ आणि मी. कधी कुणी पाहुणा असला तर तो. एक छोटा भाग वाचायचा, पाच मिनिटं गप्प बसायचं. त्यानंतर कुणीही अर्थ सांगायचा नाही. ताईला अर्थ सांगणाऱ्यांचा कंटाळा होता. माफ करा पाळकसाहेब, पण होता.

अर्थाऐवजी प्रत्येकाने एक काम सांगायचं. आज वाचलं त्यातून मी आज काय करणार. ते काम संध्याकाळच्या आत होणारं हवं आणि पायी जाऊन करता येणारं हवं. एवढाच नियम. दुसऱ्या दिवशी वाचायच्या आधी ताई विचारायची, "झालं का?" उत्तर दोनच. झालं. नाही झालं. कारण द्यायला लागलो की म्हणायची, "कारण नको रे. चहा घे."

सुरुवातीला एकदा मी म्हटलं, "ताई, आज मी जगातल्या शांतीसाठी प्रार्थना करीन." ती म्हणाली, "ती आपण रविवारी चर्चमध्ये करू. तू आज तिसऱ्या मजल्यावर जाशील का?" तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जाधववहिनींशी तेव्हा माझं पार्किंगवरून वाजलेलं होतं. वहिनी, तुम्ही हसताय, म्हणजे आठवतंय. मी आलो होतो. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "आता काय राहिलंय बोलायचं?" आणि मी म्हटलं, "पाणी मिळेल का?" त्या दिवसापासून आपलं बरं चाललंय.

ताई साधी-भोळी नव्हती हं. आज सगळे म्हणतील, किती शांत, किती प्रेमळ. तिच्याकडे खाली-वर करत मी तीस वर्षं काढली आहेत. तिचा आवाज गेटपर्यंत जायचा. वॉचमनला ती सोमवारी झापायची, मंगळवारी सकाळी वाचून झालं की त्याच्यासाठी चहा घेऊन जायची, "काल माझं चुकलं" म्हणायची, आणि गुरुवारी परत झापायची. मी एकदा म्हटलं, "मग उपयोग काय?" तर म्हणाली, "आधी मी चहा घेऊन जात नव्हते ना." मला हे उत्तर पटलं. माझ्या धंद्यात सुधारणा अशीच बारीक असते.

ती प्रेमाबद्दल बोलायची नाही. शांतीबद्दलही नाही. सकाळी वाचायची, दिवसा जिना चढायची, उतरायची. गुडघे गेले तेव्हाही. एवढंच तिचं सगळं होतं. हे मी वाढवूनही सांगत नाही आणि कमी करूनही सांगत नाही.

आता माझं.

मला एक धाकटा भाऊ आहे. दानियल. बोरिवलीला राहतो. सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करतो, गोरेगावला, मढला, जिथे काम असेल तिथे. सोसायटीतल्या बऱ्याच जणांना मला भाऊ आहे हेच माहीत नाही, कारण अकरा वर्षांत तो माझ्या घरी आला नाही आणि मी त्याच्या घरी गेलो नाही. मंडळीतल्या जुन्या लोकांना तो माहीत आहे. त्यांना तो कशासाठी माहीत आहे, तेही मला माहीत आहे. आईच्या मातीला उशिरा आलेला मुलगा. आणि वर खोटं बोललेला मुलगा.

आई शेवटची सहा वर्षं माझ्याकडे होती. तिचं खाणं, औषध, अंघोळ, सगळं मी आणि माझी बायको करायचो. दानी रविवारी यायचा. सीताफळं आणायचा, नाहीतर बोंबील. तासभर बसायचा, आईला हसवायचा आणि जायचा. आणि आई आठवडाभर सांगत बसायची, "माझा दानी आला होता." मी रोज तिथेच होतो. मी आलो असं ती कशी म्हणणार? मला हे कळत होतं. तरी मला ते लागायचं. खूप लागायचं. मी कुणाला बोललो नाही.

आई पहाटे गेली. दानी मढला एका बंगल्यात शूटिंगला होता. तिथे दारातच सगळ्यांचे फोन काढून ठेवतात. त्याला निरोप मिळाला दुपारी. दफन चारला होतं. पावणेचारला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दानी होता. म्हणाला, "दादा, मी निघालोय. थांब. मला आईचं तोंड बघू दे."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला.

मग तेव्हाच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "अजून कुणी यायचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही. सुरू करा."

मंडळी, मी हे वाक्य परत सांगतो, कारण ते मी आजवर कुणासमोर म्हटलेलं नाही. मी म्हटलं, "नाही. सुरू करा."

दानी आला तेव्हा माती लोटून झाली होती. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, मी फोन केला होता ना, थांबला का नाहीस?" आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझा फोन आलाच नाही." तुमच्यातले बरेच जण तिथे होते. तुम्ही मोठ्या मुलावर विश्वास ठेवलात. का नाही ठेवणार? सहा वर्षं आईचं मीच केलं होतं.

एकच माणूस होतं ज्याने तो फोन ऐकला होता. एस्तेरताई माझ्या शेजारी उभी होती.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी खाली गेलो. न जाऊन कसं चालेल? आम्ही वाचलं. पाच मिनिटं गप्प बसलो. मग ती म्हणाली, "सुधाकर, मी कुणाला सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं होईल. तुझं तू सांग." बस. त्यावर भांडण नाही, रडणं नाही.

ती बोरिवलीला जायची. महिन्यातून एकदा, न चुकता. पायी जाण्याचा नियम तिने दानीपुरता मोडला होता. त्याला तिने सांगितलं होतं की तुझा फोन आला होता, मी ऐकलाय. म्हणजे त्याला एवढं तरी माहीत होतं की जगात एक माणूस त्याला खोटारडा समजत नाही.

ती गप्प राहिली हे बरोबर केलं की चूक? मी यावर बराच विचार केला आहे. मला ठरवता येत नाही. ती माझी वाट बघत बसली आणि अकरा वर्षं गेली दानीची. माझी नाही, त्याची. मला लोक मान देत राहिले.

शास्त्रात तो भाग आहे, तुम्हा मंडळींना ठाऊक आहे. अर्पण घेऊन आलास आणि भावाचं काही तुझ्याविरुद्ध आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. ताईच्या वाचनाच्या क्रमात तो दर वर्षी यायचा. मी आदल्या दिवशीच तक्ता बघून ठेवायचो, आणि त्या सकाळी मला सर्दी व्हायची. तीन वर्षं असंच चाललं. चौथ्या वर्षी ती म्हणाली, "तुला याच दिवशी कशी रे सर्दी होते?" आणि पाचव्या वर्षी ती त्या गुडघ्यांनी जिना चढून वर माझ्या घरी आली, पुस्तक घेऊन, आणि माझ्या बिछान्याशी बसून तिने तो भाग वाचला. पाच मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "काम सांग." मी म्हटलं, "बाल्कनीतला नळ गळतोय, तो दुरुस्त करतो." ती उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." नळ खरंच दुरुस्त केला होता मी.

असा माणूस आहे मी. रोज सकाळी शास्त्र वाचणारा. मला वाटायचं, मी खाली जातोय म्हणजे माझं बरं चाललंय.

आजारपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत ताईने मला याबद्दल एकदाही विचारलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं. खरंच सांगतो, असंच वाटलं.

मग गुरुवार आला. पाळकसाहेब, तुम्ही विचारलंत, "अजून कुणी यायचं आहे का?" तुम्हाला काही माहीत नव्हतं, तुम्ही रिवाजाप्रमाणे विचारलंत. आणि रूथ म्हणाली, "हो. दानियलमामा. आईने सांगून ठेवलंय, दानियल येईपर्यंत थांबा."

मग आपण थांबलो. पाऊण तास. तो गोरेगावहून येत होता. मी घड्याळ बघत होतो. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, कुणी मेलं नाही उन्हाने. जाधववहिनींनी छत्री उघडून रूथच्या डोक्यावर धरली. एवढंच तर करायचं होतं मला अकरा वर्षांपूर्वी. थांबायचं होतं. तो आला, त्याने पेटीचं झाकण बाजूला करून ताईचं तोंड बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की मी त्याचं काय घेतलं होतं. मला रडू आलं. तुम्हाला वाटलं ताईसाठी.

तर हे ऐका, विशेषतः जे तेव्हा तिथे होते त्यांनी ऐका. दानियलने फोन केला होता. दानियल खोटं बोलला नव्हता. मी बोललो होतो. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत सांगतोय.

दानी इथे आहे. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी. रूथने त्याला बोलावलं.

दानी, मी इथून माफी मागणार नाही. माईकवरून कुणी माफी मागितली तर समोरच्याला नाही म्हणता येत नाही. एवढे लोक बघत असतात. तुला नाही म्हणायची मोकळीक हवी. ती तुझी आहे.

म्हणून मी आता खाली उतरतो आणि मागे जातो. तिथे काय होईल मला माहीत नाही. तो उठून निघूनही जाईल. तसं झालं तर त्याला कुणी अडवू नका, त्याला समजावू नका, शास्त्र तर मुळीच सांगू नका.

एस्तेरताई, सलाम.

मंडळी, आता सगळ्यांनी उभं राहा. जिन्यातल्यांनीही. ताईसाठी दोन मिनिटं शांतता पाळू या. डोळे मिटा. आणि माझी एवढी विनंती आहे, मागे वळून बघू नका.