चकचकीत बिगूल

"रांगेत लोकांचं बोलणं ऐकू नकोस, मग तुला झोप लागत नाही," नवरा म्हणाला होता. मी हसले होते. लास वेगासमधल्या त्या टीव्हीवर दिसणाऱ्या गहाणवटीच्या दुकानाबाहेर मी बाळाला घेऊन उभी होते. पुढे हातात बिगूल घेतलेला एक म्हातारा, त्याच्यापुढे एक बाई. ती मागे वळून त्याच्याशी बोलू लागली.

"आजोबा, बिगूल घासलात? जुना रंग गेला की किंमत गेली!"

"जाऊ दे. डार्लाने तो असाच चमकताना पाहिलाय."

"मुलगी का?"

"हो. अलास्कात असते. माझा फोन उचलत नाही, पण या दुकानाचा टीव्हीवरचा कार्यक्रम चुकवत नाही."

"अहो, कॅमेऱ्यासमोर आधी निवडलेली माणसंच बोलावतात. आपल्याला फक्त गल्ला दिसणार."

"त्यांच्या मागून चालताना टीव्हीवर माझी नुसती पाठ दिसली, तरी ओळखेल ती."

"आज शूटिंगच नाही, आजोबा."

"मग विकून काय करू, पोरी?"

तो भर उन्हात बोल्डर सिटीच्या बसकडे गेला, डोक्यावर टोपीही नव्हती. तुमच्यापैकी कोणी तिकडे राहत असाल, तर एकदा त्या बिगूलवाल्या म्हाताऱ्याकडे डोकावून या.