पाय माझा, सूज क्लबची

...आणि चौघं एकदम उठले हो! एकदम! "आई गं!" असं चौघांच्या तोंडून एका सुरात आलं, आणि मी फरशीवर पडल्या पडल्या मनात म्हटलं, बघ, उगाच कुरकुरत असतेस, माणसं प्रेमाची आहेत... चहाचा ट्रे एकीकडे, मी दुसरीकडे, उजवा पाय दारातल्या यांच्या बुटांच्या ढिगाऱ्यात अडकून भलतीकडेच वळलेला... आणि वर बघते तर काय, चौघांचीही पाठ माझ्याकडे! तोंडं टीव्हीकडे! कारण नेमका त्याच क्षणी तिकडे मैदानावर बुलेट पडला होता. बुलेट म्हणजे आपल्या फुटबॉल क्लबचा स्ट्रायकर, गोल मारणारा. खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल, आमच्या घरात तो बुलेटच. तो तिकडे उजवा घोटा धरून लोळतोय, मी इकडे उजवा घोटा धरून लोळतेय. फरक एवढाच की त्याच्याकडे स्ट्रेचर घेऊन माणसं धावत आली, आणि माझ्या सासऱ्यांनी मान न वळवता नुसता हात मागे केला... "सूनबाई, चहा आला का?"

आला हो बाबा, आला. जमिनीवर आलाय, पुसून घ्या.

पाय माझा, तुम्हाला सांगते, पाय माझा! आणि घरात सुतक बुलेटच्या पायाचं!

आता चौघं म्हणजे कोण, तर आमचे हे, माझे सासरे, माझा दीर, आणि माझा मुलगा. या मुलाला वर्गात साधी बेरीज विचारली की घाम फुटतो, पण क्लबचा गोलफरक? झोपेतून उठवून विचारा! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. पहिले चार संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जाणार, आपला पाचवा, शेवटची मॅच जिंकली तर चौथा, आणि बुलेटशिवाय ती जिंकणं म्हणजे... "अशक्य!" दीर म्हणतो. "अशक्य नाही, अवघड," सासरे म्हणतात. "बाबा, मधला तो मांडी धरून बसलाय, डावीकडचा पाठ धरून बसलाय, आता बुलेट घोटा धरून बसला, खेळणार कोण, तुम्ही?" आणि सासरे क्षणभर खरंच विचारात पडतात हो! गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस!

मी तोवर भिंत धरून उभी. शेवटी यांचं लक्ष गेलं. "अगं, तू अशी का उभी आहेस?" म्हटलं, नृत्य करतेय!

दुसऱ्या दिवशी गेलो दवाखान्यात. डॉक्टरांनी फोटो काढला, दाबून बघितलं, म्हणाले, "हाड शाबूत आहे. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट फाटलंय थोडं. ग्रेड टू." झालं! यांचा चेहरा असा उजळला, की लग्नात हार घालताना तेवढा उजळला नव्हता. "ग्रेड टू? बाहेरचं? उजवा? डॉक्टर, नक्की?" आणि तिथल्या तिथे भावाला फोन. "अरे, सेम टू सेम! क्लबनं सकाळी जाहीर केलं ना, अगदी तेच! वहिनीला तेच झालंय!" डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती. तर आमचे हे म्हणतात, "थोडं आधी नाही का जमणार? शेवटची मॅच आहे हो." डॉक्टरांनी चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं. "कुठल्या जागेवर खेळता तुम्ही?"

पण खरं सांगू का तुम्हाला... तीन आठवडे विश्रांती म्हटल्यावर दुखणं निम्मं पळालं माझं. मी बेकरीत काउंटरवर असते. दिवसभर उभी. घरी आले की ओट्यापाशी उभी. बसते कधी, तर बसमध्ये, तेही कुणी उठलं तर! आणि इथे एक शिकलेला माणूस कागदावर लिहून देतो की ही बाई बसणार! मालकाला फोन केला, म्हटलं तीन आठवडे येत नाही. "अरे देवा! तीन? नक्की तीन?" मला भरून आलं. म्हटलं, माझ्यावाचून एवढं अडतं का हो तुमचं? "तुमचं नाही ताई, बुलेटचं म्हणतोय. तुमच्या यांनी ग्रुपवर टाकलंय सगळं."

ग्रुपवर! माझा पाय ग्रुपवर!

माझा मुलगा रोज सकाळी माझा पाय उशीवर ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि क्लबच्या चाहत्यांना पाठवायचा. तुम्हाला वाचून दाखवते लोक काय लिहायचे. "सूज उतरतेय, प्लेऑफ दिसायला लागला." "कालपेक्षा निळं जास्त आहे, मला काळजी वाटते." "दुसऱ्या बाजूनं टाका." आणि एक शहाणी लिहिते, "नखं कापा." अगं बाई, वाकता येत नाही मला, तूच येऊन काप!

पण सेवा? विचारू नका! ज्या सासऱ्यांनी जन्मात स्वतःचा कप उचलला नाही, ते गरम पाण्याचं घमेलं घेऊन येतात, पाण्यात कोपर बुडवून बघतात, "सूनबाई, सोसतंय ना?" दीर फ्रीझरमधली मटारची पिशवी घोट्यावर धरून बसतो. मुलगा कुकरच्या शिट्ट्या मोजतो. मी कादंबरी वाचतेय! दुपारी! आडवी पडून! एकदा तर हे पलंगाशी बसले, मलम लावलं, इतक्या मायेनं बोटं फिरवली की माझे डोळे मिटायला लागले, आणि कानाशी हळूच म्हणाले, "लवकर बरा हो रे राजा."

रे? राजा?

पाय माझा, तुम्हाला सांगते, पाय माझा, पण हे मलम चोळत होते त्याला!

मला राग यायला हवा होता, नाही का? आलाही. पण राग आला की उठावं लागतं, आणि उठायचं कुणाला होतं! एक दिवस नुसतं म्हटलं, "आज जरा ठणकतोय." मेलं, घरात कुणी जेवलं नाही. समोरचा केस कापणारा दुकान अर्धं बंद करून आला, पाय बघितला, डोकं हलवलं आणि म्हणाला, "म्हणजे शेवटची मॅच गेली." अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या मागे उभं, तेही डोकं हलवतंय! दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बरं वाटतंय," तर संत्र्याचा रस आला. गाळलेला.

पण यांना घाई ना! डॉक्टरांचे तीन आठवडे संपायच्या आतच मॅच होती. आदल्या दिवशी हे म्हणाले, "जरा चालून दाखव. फिटनेस टेस्ट." म्हटलं, अजून दिवस बाकी आहेत माझे. माझे, म्हणजे माझ्या विश्रांतीचे! ऐकतंय कोण? स्वयंपाकघरापासून दारापर्यंत बूट बाजूला सारले, बघा हां, आत्ता सारले, आणि चौघं भिंतीला लागून उभे. मी चालले. सरळ गेले ठीक, दारापाशी वळले आणि कळ आली. "स्स्स!" दीर लगेच म्हणतो, "सरळ पळेल. वळताना त्रास होईल. पहिल्यापासून नाही उतरवणार, उत्तरार्धात आणतील." सासरे म्हणाले, "बरोबर."

आणि तुम्हाला सांगते, तस्संच झालं! बुलेट बाकावर, मॅच शून्य-शून्य, उत्तरार्धात त्याला उतरवलं. आमच्या घरात मलाच टाळ्या! मी पण बघत होते हो, एवढे दिवस आमचं दुखणं एकच, थोडीफार ओळख होतेच ना. सगळे बॉलकडे बघतायत, मी त्याच्या घोट्याकडे. तो वळला, आणि मला दिसलं. तीच कळ. तोंड कसं केलं मला माहीत आहे, मीच तसं केलं होतं दारापाशी. मी ओरडले, "अरे बस खाली! दिवस भरले नाहीत अजून!" हे म्हणाले, "अगं गप, पास मागतोय तो!" आणि त्यानं त्याच पायानं मारला. गोल!

घर डोक्यावर घेतलं हो. सासरे दिराच्या गळ्यात, मुलगा सोफ्यावर उभा. चौथे! प्लेऑफ! आणि तो पोरगा पडलाय गवतावर, उठत नाहीये. कुणी बघतच नाही. मी एकटी म्हणतेय, अहो, तो उठला नाही... अहो!

मग स्ट्रेचर आलं. मग ते चौघं हळूहळू बसले.

संध्याकाळी क्लबनं जाहीर केलं, या वेळी लिगामेंट पूर्ण तुटलं, ऑपरेशन, हा सीझन संपला त्याचा. हे टीव्हीसमोरून उठले. मग माझ्या पायावरची मटारची पिशवी उचलली, फ्रीझरमध्ये ठेवली. म्हटलं, "अहो, अजून शेकायचंय." म्हणाले, "आता काय उपयोग?"

उपयोग! पाय माझा, तुम्हाला सांगते, पाय अजून माझाच होता! माझा सीझन संपला नव्हता!

सकाळी पाणी नाही, रस नाही, फोटो नाही. ग्रुपवर कुणी विचारलंसुद्धा नाही, त्या पायाचं काय झालं. सासरे कप घेऊन दारात, "सूनबाई, चालता येतंय ना आता? मग जरा चहा..." डॉक्टरांनी दिलेले माझे दिवस शिल्लक, आणि मी ओट्यापाशी, एका पायावर भार देऊन, ते मटार शिजवतेय. त्या मुलाला निदान ऑपरेशन तरी मिळालं! म्हणजे महिनोन्महिने पाय वर! हसू नका, हेवा वाटला मला, खरंच वाटला.

तेवढ्यात बाहेरून दिराची किंकाळी. प्लेऑफच्या सरावात गोलकीपर खांद्यावर पडला. ग्रेड टू. किती आठवडे, कुणालाच माहीत नाही. मग पावलं वाजली, आणि चौघं एकामागून एक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सासरे पुढे. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सूनबाई... तुमचा खांदा कसा आहे?"

मी गॅस बारीक केला. ओट्याकडे बघितलं, भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं, पलंगावर पालथी पडलेली माझी अर्धी राहिलेली कादंबरी दिसत होती, तिच्याकडे बघितलं... आणि विचारलं,

"त्याचा कुठला गेलाय, बाबा? डावा की उजवा?"